मेक्सिकोत गाड्यांवर स्वस्तात जेवायचं कसं: घड्याळ, तवा आणि सुट्टे पैसे

मेक्सिको शहरात स्वस्तात आणि चांगलं जेवायचं असेल, तर आधी घड्याळ बघायचं आणि मग गाडी शोधायची. आपल्याकडे सकाळी आठला भेळेची गाडी शोधत कोणी फिरत नाही. तिथेही तसंच आहे, फक्त नियम जास्त कडक. प्रत्येक पदार्थाची ठरलेली वेळ असते. त्या वेळी तो ताजा असतो, स्वस्त असतो आणि गाडीभोवती गर्दी असते. वेळ चुकली की एक तर गाडीच नसते, नाहीतर तळाशी उरलेलं पदरात पडतं.

मी मेक्सिको शहराच्या दक्षिण भागात एका मेट्रो स्टेशनजवळ दोन वर्षं राहिले. पहिल्या महिन्यात मी आपल्या सवयीप्रमाणे दुपारी साडेबाराला जेवायला बाहेर पडायचे आणि रात्री आठला पुन्हा पोटभर जेवण शोधायचे. साडेबाराला खानावळींमध्ये अजून भात शिजत असायचा आणि रात्री त्यांना कुलूप. मग शेवटी एखाद्या रेस्टॉरंटमध्ये तिप्पट पैसे जायचे. घराखालच्या वर्तमानपत्रवाल्या काकांनी एकदा मला दिवसाचं वेळापत्रक सांगितलं आणि महिन्याचा खर्च निम्म्यावर आला. तेच वेळापत्रक, आणि नंतर शिकलेलं बाकीचं, इथे सविस्तर लिहिते आहे. सांगितलेले भाव 2024-25 च्या सुमाराचे, मेक्सिको शहरातले आहेत. पेसोचा हिशेब मी त्या काळच्या दराने साधारण साडेचार ते पाच रुपये असा धरला आहे.

दिवसाचं वेळापत्रक

सकाळी सहा-साडेसहापासून दहापर्यंत तामालची वेळ. मेट्रोच्या तोंडाशी मोठी ॲल्युमिनियमची वाफेची भांडी घेऊन बायका बसलेल्या असतात. मक्याच्या पिठात सारण भरून मक्याच्याच सालपटात गुंडाळून वाफवलेला पदार्थ म्हणजे तामाल. हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना ही कल्पना नवीन नाही. एक तामाल वीस-पंचवीस पेसोला मिळतो. सोबत आतोले घ्यायचं. मक्याच्या पिठाची गरम, गोड, दाटसर पेज असते ती; चॉकलेट घातलं की तिला चाम्पुर्रादो म्हणतात. कामावर निघालेले लोक तामाल चक्क पावात घालून खातात. त्याला ग्वाहोलोता म्हणतात आणि तो एक खाल्ला की दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही.

याच वेळेला सायकलवर निळ्या प्लॅस्टिकने झाकलेली टोपली दिसली तर थांबा. ते टोपलीतले टाको. टाको म्हणजे तोर्तियात, मक्याच्या पातळ पोळीत, सारण घालून दुमडलेला पदार्थ. बटाटा, घेवड्याची उसळ घोटून केलेलं सारण किंवा मांसाचं सारण भरून, वरून गरम तेल सोडून, टोपलीत दाबून ठेवलेले असतात. स्वतःच्याच वाफेवर ते मऊ होतात. शहरातलं बहुधा सगळ्यात स्वस्त पोटभरीचं खाणं हेच.

दहा ते एकच्या दरम्यान मक्याच्या पिठाचे तव्यावरचे पदार्थ रंगात येतात: केसादिया, त्लाकोयो, सोपे, गोर्दिता. गिसादोचे टाकोही याच वेळचे. मातीच्या किंवा स्टीलच्या आठ-दहा भांड्यांत वेगवेगळ्या भाज्या आणि रस्से मांडलेले असतात, बोट दाखवाल ते तोर्तियावर घालून देतात. शनिवार-रविवारच्या सकाळी बार्बाकोआ मिळतो, म्हणजे मागेच्या म्हणजेच घायपातीच्या जातीतल्या झाडाच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवलेलं मेंढीचं मांस. अकरानंतर चांगले तुकडे संपत आलेले असतात.

दुपारचं जेवण दोन ते साडेचार. हे तिथलं दिवसाचं मुख्य जेवण आणि त्यासाठी खानावळ गाठायची. तिच्याविषयी पुढे वेगळं सांगते.

संध्याकाळी सहानंतर कणसं. अख्खं कणीस म्हणजे एलोते. दाणे सोडवून एपासोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्याबरोबर उकडले की एस्कितेस. पेल्यात दाणे, थोडं त्यांचंच पाणी, लिंबू, मेयोनीज, किसलेलं चीज आणि तिखट. तीस ते पन्नास पेसो. आठनंतर आल पास्तोरची शेगडी पेटते. उभ्या सळीवर रचलेलं लालसर डुकराचं मांस, वर अननस. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी शावर्मा आणला, त्याचा हा मेक्सिकन वंशज. मांस खाणाऱ्यांनी हा रात्रीच खावा, कारण तेव्हा सळीवरचं मांस सतत कापलं जातं आणि साचून राहत नाही.

समुद्राचं खाणं मात्र उलट. मासे, कोळंबी, सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे मासे) हे दुपारी चारच्या आत. संध्याकाळी गाडीवरच्या कच्च्या माशाच्या वाटेला जाऊ नका.

खिशात काय हवं

मेक्सिकोत किमतीपुढे जे चिन्ह लिहितात ते डॉलरसारखंच दिसतं. फळ्यावर 90 लिहिलं असेल तर ते नव्वद पेसो आहेत. अमेरिकेतून येणारी आपली मंडळी पहिल्या दिवशी हमखास दचकतात.

गाडीवर कार्ड चालेल असं धरून जाऊ नका. एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्या नोटा निघतात आणि पंचवीस पेसोच्या तामालसाठी पाचशेची नोट पुढे केली की सकाळी सात वाजता त्या बाईची खरोखर पंचाईत होते. मोठी नोट आदल्या दिवशी किराणा दुकानात किंवा मॉलमध्ये मोडून ठेवायची. मी दहा पेसोची नाणी आणि वीस-पन्नासच्या नोटा एका छोट्या बटव्यात वेगळ्या ठेवायचे. एटीएमवर यंत्र तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का असं विचारतं, तिथे नाही म्हणा. तो भाव नेहमी महाग पडतो.

भाव लिहिलेला नसेल तर खाण्याआधी विचारा: "आ कोमो लोस ताकोस?" म्हणजे टाको कसे दिले. आपण मंडईत 'कशी दिली मेथी' विचारतो तितकंच ते साधं आहे, कोणी वाईट मानत नाही. घासाघीस मात्र खाण्याच्या गाडीवर करायची नसते.

गाडी निवडताना

गर्दी बघा हा सल्ला सगळे देतात आणि तो खराच आहे, पण गर्दी कोणाची हेही बघा. खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, दवाखान्याचे कपडे, बांधकामावरचे हेल्मेट असे लोक उभे असतील तर निर्धास्त जा. ते रोज तिथेच खातात, एकदा पोट बिघडलं तर उद्या येणार नाहीत. सोकालोला, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाला, लागून असलेली, चार भाषांत बोर्ड लावलेली जागा सोडून तीन-चार गल्ल्या आत शिरलं की त्याच पदार्थाचा भाव उतरतो.

दुसरी खूण म्हणजे हात. जो पैसे घेतो तोच तोर्तिया उचलतो का? चांगल्या गाडीवर पैशाला वेगळा माणूस असतो, किंवा पैसे घेताना हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. प्लेटवरही पिशवी चढवलेली असते. प्रत्येक गिऱ्हाइकामागे पिशवी बदलली की प्लेट धुण्याचा प्रश्न मिटतो. प्लॅस्टिकचा कचरा पाहून मला वाईट वाटायचं. पण रस्त्यावर पुरेसं पाणी नसताना एकाच बादलीत बुचकळलेल्या प्लेटपेक्षा ते बरं, हेही खरं.

तिसरी खूण, एकच काम करणारा. ज्याच्या फळ्यावर तीसेक पदार्थ आहेत त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे तीन आहेत त्याच्याकडे जा. मे 2024 मध्ये रेस्टॉरंटांना दर्जाचे तारे देणाऱ्या मिशेलिनने सान राफाएल भागातल्या एल कालिफा दे लेओन या टाकोच्या दुकानाला तारा दिला. दुकान अगदी छोटं, उभ्याने खायचं आणि टाकोचे प्रकार जेमतेम चार. तारा मिळायच्या कितीतरी आधीपासून, 1968 सालापासून, ते हेच करत आले आहेत. असे एकमार्गी लोक शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, तारा नसलेले आणि खिशाला परवडणारे.

आठवडी बाजाराचा दिवसही विचारून ठेवा. त्याला तिआंगिस म्हणतात. स्पॅनिश लोक येण्याआधीपासूनचा, नावात्ल भाषेतला शब्द. प्रत्येक वस्तीत ठरलेल्या वारी रस्त्यावर ताडपत्र्या लागतात आणि भाजीच्या रांगा संपल्या की खाण्याच्या सुरू होतात. भाजीवाले स्वतः जिथे जेवतात तो गाळा शोधा.

शाकाहारी असाल तर

हा भाग लांबणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त विचारतात तो हाच प्रश्न, आणि याबद्दल दोन टोकांची चुकीची मतं ऐकायला मिळतात. एक, मेक्सिकोत शाकाहारी माणूस उपाशी मरतो. दुसरं, घेवडा, भात, तोर्तिया सगळं शाकाहारीच की.

पहिलं का चुकीचं ते आधी सांगते. माझी आई महिनाभर राहायला आली होती. ती अंडंही खात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी तिला आमच्या कोपऱ्यावरच्या बाईंकडे नेलं. बाई कोळशाच्या शेगडीमागे बुटक्या स्टुलावर बसायच्या. शेजारी परातीत निळसर करडं पीठ, ओल्या फडक्याखाली झाकलेलं. त्यांनी लिंबाएवढा गोळा घेतला, तळव्यावर खोलगट केला, आत आबांचं पिवळं पुरण भरलं. आबा म्हणजे आपल्या वालाच्या मोठ्या भावंडासारखं दिसणारं कडधान्य. तोंड बंद करून दोन्ही तळव्यांमध्ये थापत थापत त्याला लांबट, दोन्हीकडे टोकदार आकार दिला आणि कोरड्या तव्यावर टाकला. तेलाचा थेंब नाही. आई बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर पुरण भरून भाकरी थापतेय!" बाईंना मराठी कळायचं कारण नव्हतं, पण आईने हाताने थापण्याची खूण केली तेव्हा त्या मोठ्याने हसल्या आणि पुढचा गोळा त्यांनी आईच्या हातात दिला. आईचा गोल झाला. तो त्यांनी तसाच भाजला, वर निवडुंगाच्या कोवळ्या पानांची कोशिंबीर, कांदा, पांढरं चीज आणि हिरवी साल्सा घालून तिलाच दिला.

तो त्लाकोयो. शाकाहारी माणसाने मेक्सिको शहरात पहिला शब्द शिकावा तर हा. दोन खाल्ले की जेवण होतं आणि साठ-सत्तर पेसोंत होतं.

आता दुसरं मत. घेवडा परतताना बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी वापरतात, तिला मान्तेका म्हणतात. तामालच्या पिठातही ती फेटून घालतात, म्हणून तर तामाल हलका होतो. खानावळीतला लाल भात आणि शेवयांचं सूप यांना कोंबडीच्या रश्शाची चव असते. आणि कार्ने या शब्दाचा तिथल्या बोलण्यातला अर्थ मुख्यतः गाय-डुकराचं मांस. "कार्ने नको" म्हटलं की प्रेमाने कोंबडी वाढतात, हॅम घालतात. त्यांच्या मनात फसवणूक नसते, शब्दाचा अर्थच तसा आहे. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करून जा: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन." मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, हॅम नाही. मग दोन प्रश्न: "येवा मान्तेका?" यात चरबी आहे का? आणि भात-सुपासाठी, "येवा काल्दो दे पोयो?" कोंबडीचा रस्सा आहे का?

अंडं न खाणाऱ्यांनी "नि उएवो" जोडायचं, कारण भरलेली मिरची म्हणजे चिले रेयेनो अंड्याच्या फेसात बुडवून तळतात. चीजमध्ये प्राण्याच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा घटक) असू शकतं, ते चालत नसेल तर "सिन केसो" म्हणा.

गोमांस टाळणाऱ्यांसाठी शब्द आहे रेस. बिस्तेक, सुआदेरो, सेसिना हे मांसाचे प्रकार बहुतेक वेळा गायीचे असतात. बिर्रिया, म्हणजे मसालेदार रश्शात शिजवलेलं मांस, बकऱ्याची असते असं वाचलेलं असेल, पण गायीचीही सर्रास मिळते. बार्बाकोआ मेक्सिको शहराच्या आसपास मेंढीचा, तर उत्तरेकडे गायीचा. विचारायचं, "एस दे रेस?" सुआदेरो ज्या पसरट कढईत शिजतो तिथल्याच चरबीत इतर गोष्टीही परततात. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी मांसाच्या गाडीवर कांद्याचा टाको मागण्यापेक्षा सरळ केसादियाच्या गाडीवर जावं.

तिथे काय मागायचं? भोपळ्याच्या फुलांची केसादिया. आपण त्याची भजी करतो, तिथे फुलं कांद्यावर परतून मक्याच्या पोळीत घालतात. मश्रूमची. उइत्लाकोचेची, म्हणजे कणसावर वाढणारी काळी बुरशी, दिसायला शाईसारखी आणि चवीला मातकट-गोडसर. एकदा तरी खाऊन बघाच. पालेभाज्यांची, त्यांना केलितेस म्हणतात. यातल्या किन्तोनिलेस म्हणजे राजगिऱ्याची पानं आणि वेर्दोलागास म्हणजे आपली घोळ. ऊआउसोन्त्लेस नावाची भाजी चाकवताच्या कुळातली. पावसाळी रानभाज्या खाऊन वाढलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं लागतं. एक लक्षात ठेवा: मेक्सिको शहरात केसादियात चीज असतंच असं नाही. बाई विचारतील, "कोन केसो ओ सिन केसो?" चीजसह की चीजशिवाय. चीजचे वेगळे पैसे पडतात. तळलेली की तव्यावरची असंही विचारतील; "दे कोमाल" म्हटलं की तव्यावरची मिळते आणि तळणीच्या चरबीचा प्रश्न उरत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी ते पीठ आहे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, धुऊन ओला दळतात. त्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे साल सुटतं, पीठ थापलं तरी फाटत नाही आणि मक्यातलं नायसिन शरीराला मिळतं. म्हणून तोर्तियाला जो वास येतो तो आपल्या मक्याच्या भाकरीला येत नाही. याच मक्यावर एका मराठी माणसाने मेक्सिकोत काम केलं आहे: वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत ते शिकवत, मक्याच्या वाणांवर संशोधन करत. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटून खाणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं आहे. इमारत सोकालोपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जेवायच्या आधी जाऊन या.

आणखी एक वेळ शाकाहाऱ्यांनी साधावी: ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्या काळात शुक्रवारी लोक मांस खात नाहीत. खानावळींत बटाट्याच्या टिक्क्या, चीज भरलेल्या मिरच्या, ऊआउसोन्त्लेस रांगेने मांडलेले असतात. मासे आणि सुकी कोळंबी मात्र त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं विचारून घ्या.

खानावळ

खानावळीला तिथे फोंदा म्हणतात आणि तिच्या ठरलेल्या थाळीला कोमिदा कोर्रिदा. दारात फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. ऐंशी ते एकशेतीस पेसोंत तीन टप्पे. आधी पातळ सूप. मग भात किंवा शेवया, त्यालाही ते सूपच म्हणतात, कोरडं सूप. मग मुख्य पदार्थ, चार-पाचांतून एक निवडायचा. तोर्तिया लागतील तितक्या आणि दिवसाचं सरबत. काही ठिकाणी शेवटी जेली किंवा खीर.

दोनच्या आधी दहा मिनिटं पोहोचा. अडीचला आसपासची ऑफिसं सुटतात आणि फळ्यावरचे चांगले पदार्थ तीनपर्यंत पुसले जातात. एकट्याने गेलात तर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतील. बसताना "प्रोवेचो" म्हणायचं, उठतानाही. सुखाने जेवा, असा त्याचा भाव. हा एक शब्द न बोलता उठून गेलं तर तिथे ते खरोखर उद्धट वाटतं.

शाकाहारी माणसाने सूप आणि भाताबद्दल विचारावं. नाही चालणारं असेल तर त्याऐवजी घेवडा किंवा अंडं मागता येतं. सरबतांत दोन नावं लक्षात ठेवा. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांच्या आंबट बोंडांचं सरबत आणि तामारिन्दो म्हणजे चिंचेचं. साखर खूप असते. "पोका आसूकार" म्हटलं तरी उपयोग नाही, ते आधीच करून ठेवलेलं असतं. फोंदात दहा टक्के टीप ठेवण्याची रीत आहे. रस्त्यावरच्या गाडीवर सक्ती नाही, पण सुट्टी नाणी डब्यात टाकली तर चांगलं वाटतं.

साल्सा, पाणी आणि पोट

तिखटाबद्दल आपल्याला जरा जास्तच विश्वास असतो. साल्सा म्हणजे त्यांचा ठेचा, दगडी खलात वाटलेला. दिसतो सौम्य. "नो पिका," तिखट नाही, असं गाडीवाला म्हणाला तर ते त्याच्या जिभेच्या मापाने असतं. विचारायचं, "क्वाल पिका मास?" कोणती जास्त तिखट? आणि दुसरीपासून सुरुवात करायची. युकातान प्रांतात हाबानेरो मिरची वाटून वाटीत ठेवतात. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसानेही ती आधी थेंबभरच घ्यावी.

पण पोट बिघडतं ते तिखटाने कमी आणि उघड्यावर तापत राहिलेल्या कच्च्या साल्सांनी जास्त. मी एकदा मे महिन्याच्या भर उन्हात, दुपारी साडेचारला, जवळजवळ रिकाम्या गाडीवर थांबले होते. तोर्तिया तव्यावरून थेट आली होती, गरम होती. साल्सा मात्र सकाळपासून उन्हात होती. पातळ झालेली, कडेला सुकलेली. मी ती चमचाभर घातली. त्या रात्रीपासून दोन दिवस अंथरुणात काढले. तेव्हापासून मी वाटी बघते. बर्फावर ठेवली आहे का, झाकण आहे का, सारखी भरली जाते आहे का. शंका आली तर सुक्या लाल मिरचीची तेलात केलेली साल्सा घ्यायची, नाहीतर नुसतं लिंबू पिळायचं. हिरवी, अवोकाडोची किंवा कांदा-कोथिंबीर घातलेली कच्ची साल्सा फक्त गर्दी असलेल्या गाडीवर.

नळाचं पाणी तिथले लोकही पीत नाहीत. घराघरांत आणि गाड्यांवर वीस लिटरचे जार असतात. सरबत "आग्वा दे गार्राफोन" म्हणजे जारच्या पाण्याचं आहे ना, हे विचारण्यात काहीच गैर नाही. बर्फ मधोमध भोक असलेल्या नळकांड्यांसारखा असेल तर तो कारखान्यातला, शुद्ध पाण्याचा असतो. फोडलेली लादी दिसली तर "सिन इएलो" म्हणा. कापलेली फळं समोर सोलून देत असतील तरच घ्या. आंबा, काकडी, हिकामा (एक रसाळ कंद) यांवर लिंबू आणि तिखट-मीठ घालून देतात, आपल्या शाळेबाहेरच्या कैरीची आठवण येते.

पहिले दोन-तीन दिवस गरम, समोर भाजलेलं तेवढंच खा. नंतर हळूहळू बाकीचं. तरीही पोट बिघडलं तर औषधाच्या दुकानात "सुएरो ओराल" मागा, जलसंजीवनीची पुडी मिळते. बऱ्याच औषधदुकानांच्या शेजारीच डॉक्टर बसतात आणि फी अगदी कमी असते. ताप असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा.

शहराबाहेर थोडक्यात

वाहाका शहरात सकाळी मंडईत मेमेला (मक्याची जाडसर पोळी) आणि रात्री कोळशावरची त्लायुदा खायची. त्लायुदा ताटाएवढी कडक तोर्तिया, वर घेवडा, चीज, कोबी. घेवड्याखाली चरबीचा थर लावतात, त्याला आसिएन्तो म्हणतात. शाकाहाऱ्यांनी "सिन आसिएन्तो" आठवणीने सांगावं. रविवारी जमलं तर त्लाकोलुलाच्या बाजाराला जा आणि तेहाते प्या, मका आणि कोकोचं थंड पेय, वर पांढरा फेस. युकातानमधल्या मेरिदा शहरात अंडं चालत असेल तर पापाद्सुलेस खा: उकडलेल्या अंड्याच्या तोर्तियांवर भोपळ्याच्या बियांची हिरवट आमटी.

आणि कुठेही असलात तरी आलेग्रिया विकत घेऊन पिशवीत ठेवा. राजगिऱ्याची चिक्की आहे ती, दहा-पंधरा पेसोंना. आईने एकादशीला तीच खाल्ली.

खाल्ल्यावर

गाडीवर आधी खायचं, मग सांगायचं. कोणी बिल लिहीत नाही. उभ्या गर्दीत तुम्ही किती खाल्ले हे तुम्हीच मोजायचं आणि निघताना म्हणायचं, "क्वांतो ले देबो?" किती झाले? तो विचारेल, काय काय घेतलंत? "त्रेस त्लाकोयोस इ उन आग्वा." तीन त्लाकोयो आणि एक सरबत. तो तोंडी बेरीज करून आकडा सांगतो. दोन वर्षांत माझ्यासमोर एकाही गिऱ्हाइकाच्या शब्दावर कोणी शंका घेतलेली मी पाहिली नाही. प्लेटवरची पिशवी काढून डब्यात टाकायची, प्लेट ओट्यावर ठेवायची, नाणी मोजून हातात द्यायची, आणि अजून खात असलेल्यांकडे बघून म्हणायचं, "प्रोवेचो."